जनावरांच्या दवाखान्यात रिजिड स्कोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लेक्सिबल स्कोप असताना रिजिड कशाला हवा?

चित्रासाठी. स्कोप म्हणजे शरीराच्या आत बघायची दुर्बीण: रिजिड म्हणजे ताठ, फ्लेक्सिबल म्हणजे वाकणारी. जठर, श्वासनलिका, नर कुत्र्याचा मूत्रमार्ग या लांब आणि वळणाच्या वाटा फ्लेक्सिबल स्कोपच्याच. पण नाक, कान, मादीचा मूत्रमार्ग, सांधा, पोट आणि पक्ष्याची शरीरपोकळी या ठिकाणी वाट सरळ असते किंवा छोटा छेद घेऊन सरळ करता येते. तिथे रिजिड स्कोप जे दाखवतो, ते त्याच जाडीच्या फ्लेक्सिबल स्कोपला दाखवता येत नाही.

याचे कारण नळीच्या आत आहे. जुन्या दुर्बिणींत छोटी भिंगे आणि त्यांच्यामध्ये हवेच्या लांब जागा असत. हॅरोल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1959 साली ही मांडणी उलटी केली. त्याने काचेच्या लांब कांड्या घेतल्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या लहान फटी ठेवल्या. त्यामुळे प्रकाश कितीतरी जास्त पोचू लागला आणि नळी बारीक करता आली. आजचे बहुतेक चांगले स्कोप याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच हातातली नळी दिसायला स्टीलची असली तरी आत काच आहे, हे विसरू नये.

पहिला एकच स्कोप घ्यायचा असेल तर कोणता?

2.7 मिमी जाडीचा, 18 सेमी लांबीचा, 30 अंशाचा. सोबत 14.5 फ्रेंचची (फ्रेंच हे जाडीचे माप) ऑपरेटिंग शीथ, म्हणजे स्कोपवर बसणारी बाहेरची नळी, घ्या. तिच्यात 5 फ्रेंच जाडीची अवजारे जाण्याची वाट असते आणि सलाईन आत-बाहेर करायला दोन तोट्या असतात. कुत्र्याचे नाक, कान, मध्यम आकाराच्या कुत्रीचे मूत्राशय, पोपटाची शरीरपोकळी, कासवाचे पोट आणि (आर्थ्रोस्कोपीची, म्हणजे सांधा बघण्याची, वेगळी शीथ घेतल्यास) मोठ्या कुत्र्याचा खांदा, एवढी कामे हा एकटा स्कोप करतो.

शीथ नंतर घेऊ, असा विचार करू नका. शीथशिवाय सलाईन सोडता येत नाही, बायोप्सी घेता येत नाही आणि बारीक स्कोपला वाकण्यापासून काहीच आधार राहत नाही. बजेट कमी असेल तर मॉनिटर साधा घ्या, पण शीथ, 5 फ्रेंचची बायोप्सी फोरसेप्स आणि पकडीची फोरसेप्स पहिल्याच खरेदीत असू द्या.

दुसरा स्कोप कोणता, हे तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णांवर ठरते. मांजरे आणि छोटे पक्षी जास्त येत असतील तर 1.9 मिमीचा, पोटाच्या शस्त्रक्रिया करायच्या असतील तर 5 मिमीचा घ्यावा. 5 मिमीच्या स्कोपची लांबी 29-30 सेमी असते.

30 अंश म्हणजे नक्की काय? आम्हाला तर सरळ बघायचे असते.

0 अंशाचा स्कोप नाकासमोर बघतो, 30 अंशाचा थोडा एका बाजूला. सुरुवातीला हे त्रासाचे वाटते, कारण स्कोप सरळ पुढे ढकलला तरी चित्राचा मध्य आणि तुमची वाट एक नसते. पण 30 अंशाचा स्कोप जागेवर नुसता फिरवला की समोरच्या भिंतीभोवतीचा मोठा वर्तुळाकार भाग बघता येतो. अरुंद पोकळीत टोक हलवायला जागाच नसते, तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते.

प्रकाशाची केबल जिथे जोडतो तो खुंटा ज्या बाजूला असेल, त्याच्या विरुद्ध बाजूला स्कोप बघतो. खुंटा खाली असेल तर नजर वर, खुंटा डावीकडे असेल तर नजर उजवीकडे. फिरवायचा तो स्कोप, म्हणजे खुंटा. कॅमेरा कायम सरळ धरायचा, त्याची बटणे वरच. कॅमेराही सोबत फिरला की पडद्यावरची वर-खाली दिशा बदलते आणि आपण नाकाच्या तळाला छत समजू लागतो. सवय नसेल तर आधी एका जाड पुठ्ठ्याच्या नळीत आतून अंक चिकटवा आणि ठरलेला अंक पडद्याच्या मध्यभागी आणायचा सराव करा. अर्धा तास पुरतो.

चित्र धुरकट दिसते. स्कोप खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. पुढच्या क्रमाने बघत जा.

टोकावर वाफ धरली असेल तर टोक साधारण 40 अंश सेल्सिअस तापमानाच्या निर्जंतुक सलाईनमध्ये दोन-तीन मिनिटे बुडवा, पुसा, परत घाला. थंड स्कोप उबदार पोटात गेला की हे होणारच. पोटात असताना वाफ धरली तर टोक आतड्याच्या किंवा पोटाच्या आतल्या गुळगुळीत आवरणाला हलकेच टेकवले तरी काच स्वच्छ होते. थंड गॅस स्कोपच्याच पोर्टमधून सोडत असाल तर तो दुसऱ्या पोर्टला जोडा.

डाग दिसत असेल तर कॅमेरा स्थिर ठेवून स्कोप फिरवा. डाग स्कोपबरोबर फिरला तर तो स्कोपवर आहे. जागेवरच राहिला तर कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या जोडणीत आहे. आयपीस आणि कॅमेरा यांच्या मधे पाण्याचा एक थेंब अडकला तरी सगळे चित्र दुधाळ होते, आणि लोक तासभर टोकच पुसत बसतात.

दोन्ही टोके कोरडी, स्वच्छ असूनही धुके जात नसेल तर सील गेले आणि आत ओल शिरली असे समजावे. तो स्कोप दुरुस्तीलाच द्यावा लागतो. चित्राच्या कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसत असेल तर नळी वाकली आहे किंवा तिला पोचा आला आहे. चित्र स्वच्छ पण अंधारे असेल तर आधी केबल तपासा: एक टोक खोलीतल्या दिव्याकडे धरा आणि दुसऱ्या टोकात बघा. जेवढे काळे ठिपके, तेवढे तंतू तुटलेले. पाव भाग काळा दिसला तर केबल बदलायची वेळ झाली. स्कोपमधले तंतूही असेच तपासता येतात, टोक दिव्याकडे आणि नजर खुंट्यात.

रंग पिवळे किंवा निळसर येत असतील तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखून देणे, राहिला आहे. पांढऱ्या गॉझवर टोक धरून तो दर वेळी करा. श्लेष्मल त्वचेच्या लालीवरून दाह ठरवायचा असतो, त्यामुळे इथे कंटाळा करून चालणार नाही.

नाकाच्या तपासणीआधी कोणती तयारी हवी?

आधी प्लेटलेट, पीटी, एपीटीटी (रक्त गोठण्याच्या चाचण्या) आणि रक्तदाब. नाकातून रक्त येते म्हणून आलेल्या कुत्र्याचा रोग नाकातच असेल असे नाही. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस किंवा वाढलेला रक्तदाब हेही कारण असते. ते न बघता बायोप्सी घेतली तर रक्त थांबवणे अवघड जाते.

एक्स-रे किंवा सीटी स्कोपच्या आधी. स्कोप आणि बायोप्सीनंतर नाकात रक्त आणि सलाईन साचते, मग फोटोत गाठ कुठली आणि रक्त कुठले हे कळत नाही. शिवाय नाक आणि मेंदू यांच्या मधले चाळणीसारखे हाड शाबूत आहे की गाठीने खाल्ले आहे, हे आधी ठाऊक असलेच पाहिजे.

भूल खोल हवी. नाक हा शरीराचा अतिशय संवेदनशील भाग आहे. डोळ्याचे प्रतिक्षेप गेलेले कुत्रेही नाकात स्कोप जाताच शिंकते, आणि त्या एका झटक्यात स्कोप वाकतो किंवा आतली नाजूक वळणे (टर्बिनेट, म्हणजे नाकातली पातळ गुंडाळलेली हाडे) फाटतात. लिडोकेनने मॅक्सिलरी किंवा इन्फ्राऑर्बिटल नर्व्ह ब्लॉक दिला तर भूल कमी लागते आणि शिंकही टळते.

श्वासनलिकेतल्या ट्यूबचा कफ फुगवलेला आहे का, हे स्वतः तपासा. घशात गॉझ भरा, तो मोजून भरा, त्याला बांधलेला दोरा तोंडाबाहेर ठेवा. नाकाचे टोक घशापेक्षा खाली राहील असे डोके ठेवा, म्हणजे सलाईन पुढून बाहेर पडते. जागे करण्याआधी गॉझ मोजून बाहेर काढणे ही एका ठरलेल्या माणसाची जबाबदारी असावी.

मांजराच्या तोंडात स्प्रिंगचा जबडा-फाकव्या ताणून ठेवू नका. जबडा पूर्ण उघडा राहिला की मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी मॅक्सिलरी धमनी दाबली जाते आणि मांजर आंधळे होऊन उठू शकते. छोटी सिरिंज कापून तिचा तुकडा सुळ्यांमध्ये ठेवा, तोंड लागेल तेवढेच उघडा आणि मधे मधे मिटू द्या.

नाकात स्कोप घातल्यावर सगळे लालच दिसते. पुढे कसे जायचे?

सलाईन सोडून. एक लिटरची पिशवी टेबलापासून साधारण एक मीटर उंच टांगा, शीथच्या एका तोटीला जोडा आणि सतत धार चालू ठेवा. पाण्यात बुडालेल्या टोकाला वाफ धरत नाही, रक्त वाहून जाते आणि चिकटलेली वळणे जराशी सुटी होतात. थंड सलाईनने रक्तही कमी होते.

आधी नाकाची मागची बाजू, म्हणजे टाळूच्या वरची जागा, वळवलेल्या फ्लेक्सिबल स्कोपने किंवा दंतवैद्याच्या आरशाने बघा. मग पुढून, आणि पुढूनही आधी निरोगी वाटणारी नाकपुडी. रोगट बाजू एकदा वाहू लागली की दुसरीकडे जायला वेळ उरत नाही आणि तुलनेला काही राहत नाही. प्रत्येक बाजूत तळाची वाट आधी, मधली नंतर, वरची शेवटी.

बायोप्सीसाठी पक्का नियम: नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर बाहेरून मोजा आणि फोरसेप्सवर त्या जागी चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी नाकपुडीला टेकली की थांबायचे. त्याच्या मागे मेंदू आहे. अपवाद एकच: लक्ष्य पडद्यावर डोळ्यांनी दिसते आहे आणि सीटीत हाड शाबूत आहे. 5 फ्रेंचची फोरसेप्स फार वरवरचा तुकडा आणते, आणि गाठीच्या वर सुजलेली त्वचा असतेच. म्हणून त्याच जागेवरून खोलवर जात पाच-सहा तुकडे घ्या. अहवालात नुसता 'दाह' आला आणि सीटीत हाड खाल्लेले दिसत असेल, तर अहवालावर समाधान न मानता पुन्हा तुकडे घ्या.

वळणे नाहीशी होऊन मोठी पोकळी दिसली आणि भिंतीवर पांढरट-करडे, कापसासारखे थर दिसले तर अॅस्परजिलस बुरशीचा विचार करा. तुकडा नेमका त्या थरातूनच घ्या. शेजारच्या त्वचेतून घेतलेल्या तुकड्यात बुरशी सापडेलच असे नाही.

कान धुताना स्कोप वापरायचाच का?

हो, कारण कानाचा पडदा शाबूत आहे की नाही हे धुतल्यावरच कळते, आणि ते कळेपर्यंत काय धुवायला वापरायचे हा प्रश्न असतो. म्हणून कोमट सलाईनच वापरा. थंड सलाईनने भूल उतरल्यावर तोल जाण्याची शक्यता वाढते. पडदा फाटला असेल तर क्लोरहेक्सिडिन आतल्या कानाला घातक आहे.

मधल्या कानाचा नमुना घ्यायचा आणि पडदा शाबूत असेल तर छिद्र पडद्याच्या ताणलेल्या भागात, खालच्या-मागच्या चतुर्थांशात करा. वरच्या भागात हाडाची साखळी आणि रक्तवाहिन्या आहेत. मांजराच्या मालकाला आधीच सांगून ठेवा: मान तिरकी होणे, डोळ्याची बाहुली लहान राहणे, पापणी लोंबणे हे मधला कान धुतल्यावर दिसू शकते. बहुतेक वेळा ते काही दिवसांत-आठवड्यांत जाते, क्वचित कायम राहते.

मूत्राशय बघण्यासाठी कोणत्या जनावराला कोणता स्कोप?

रिजिड स्कोप माद्यांसाठी. अंदाजे 5 किलोपर्यंतच्या कुत्रीला आणि मांजरीला 1.9 मिमी, 5 ते 20 किलोला 2.7 मिमी, त्यापुढे 4 मिमी जाडीचा आणि 30 सेमी लांबीचा. मोठ्या कुत्रीत 18 सेमीचा स्कोप मूत्राशयाच्या दारातच संपतो. नर कुत्र्याला बारीक फ्लेक्सिबल स्कोप लागतो. बोक्याचा मूत्रमार्ग रिजिड शीथ घेण्याएवढा रुंद नसतो.

मूत्रमार्गाचे तोंड सापडत नाही ही नेहमीची अडचण. स्कोप योनीत घाला, सलाईन सोडा आणि बाहेरचे ओठ बोटांच्या चिमटीत शीथभोवती घट्ट मिटा. पोकळी फुगते, घड्या सरळ होतात आणि तळाशी मूत्रमार्गाचे तोंड, वर योनीची वाट अशी दोन दारे पडद्यावर वेगळी दिसतात. शीथ न ढकलता पाण्याच्या धारेला वाट उघडू द्या आणि तिच्यामागून जा.

मूत्राशय किती भरले हे पडद्यावर कळत नाही. दुसऱ्या माणसाचा हात पोटावर असू द्या. जास्त ताणले की आतल्या केशवाहिन्या फुटून रक्त पसरते, आणि मग ते रक्त रोगाचे की आपण काढलेले हे सांगता येत नाही. मूत्रवाहिन्यांची दोन तोंडे मूत्राशयाच्या मानेजवळ दिसली पाहिजेत. मिनिटभर थांबा, लघवीची पिचकारी येताना दिसते. लहानपणापासून लघवी गळणाऱ्या कुत्रीत एक तोंड तिथे नसेल तर परत येताना मूत्रमार्ग इंचाइंचाने तपासा. मूत्रवाहिनी त्यात उघडत असण्याची शक्यता मोठी असते. लघवीचा कल्चर नमुना मात्र स्कोप घालण्याआधीच घ्यायचा.

पोटात गॅस किती दाबाने भरायचा?

कुत्र्यात 8 ते 12 मिमी पारा, मांजरात 6 ते 8. 15 च्या वर जाऊ नका. सुरुवातीचा वेग मिनिटाला एक लिटर. गॅस कार्बन डायऑक्साइडच. तो रक्तात लवकर विरघळतो आणि पेट घेत नाही. साधी हवा रक्तवाहिनीत गेली तर बुडबुडा तसाच अडकून राहतो.

दाब वाढला की मध्यपटल वर ढकलले जाते, मोठी नीला दाबली जाते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते. म्हणून कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) आणि श्वास देण्याची सोय नसेल तर लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटातली स्कोप तपासणी, सुरूच करू नये. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढला तर श्वास वाढवा. तो अचानक कोसळला आणि रक्तदाबही पडला तर गॅस रक्तवाहिनीत गेल्याची शंका घ्या: पोटातला गॅस लगेच सोडा, जनावर डाव्या कुशीवर, डोके खाली, शंभर टक्के ऑक्सिजन.

वेरेस सुई (पोटात गॅस सोडायची सुई) घातली, गॅस सुरू केला आणि वेग कमी असूनही दाब लगेच 8-10 च्या वर गेला, तर सुई पोटात नाही. ती त्वचेखाली, चरबीत किंवा एखाद्या अवयवात आहे. गॅस बंद करा. कुत्र्यात प्लीहा सर्वाधिक वेळा टोचली जाते, आणि एसेप्रोमॅझिन किंवा थायोपेंटोन या गुंगी-भुलीच्या औषधांनी ती आणखी फुगते. नवशिक्यांनी सुई सोडून छोटा छेद घ्यावा आणि डोळ्यांनी बघत पहिला पोर्ट बसवावा. दोन मिनिटे जास्त लागतात, प्लीहा वाचते. मूत्राशय मात्र दोन्ही पद्धतींत आधी रिकामे करायचे. मध्यपटल फाटलेले असेल तर गॅस छातीत जाईल, तिथे लॅपरोस्कोपी नाहीच.

पक्ष्यात गॅस लागत नाही हे खरे का?

खरे. पक्ष्याच्या शरीरात हवेच्या पिशव्या आहेत, त्यामुळे बघायला जागा आधीच तयार असते. पक्षी उजव्या कुशीवर, डावा पंख पाठीकडे, डावा पाय पुढे. शेवटच्या बरगडीच्या मागे तीन-चार मिमीचा छेद, मग मांडीच्या मागच्या स्नायूखालून बोथट फोरसेप्सने आत. डावी बाजू यासाठी की बहुतेक जातींच्या मादीत फक्त डावे अंडाशय वाढते. मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी अधिवृक्क ग्रंथी आणि तिच्या शेजारी जननग्रंथी दिसते: द्राक्षाच्या घोसासारखी दाणेदार असेल तर अंडाशय, गुळगुळीत लांबट असेल तर वृषण.

हवेच्या पिशवीत सलाईन कधीही सोडू नका. ती फुप्फुसाला जोडलेली आहे, पक्षी टेबलावरच बुडेल. नाक-मूत्राशयाच्या कामानंतर त्याच शीथने पक्षी तपासत असाल तर सलाईनची नळी काढून ठेवा. नुसती तोटी बंद करून भागत नाही. पोटात पाणी साठल्याची शंका असेल तर ही तपासणी पुढे ढकला.

गायी-म्हशींत याचा काही उपयोग?

सडात आहे. धार येत नाही, आत गाठ लागते, कॅन्युला अडते अशा वेळी सडाच्या नळीतून किंवा बाजूच्या छोट्या छेदातून स्कोप घालून आतला पडदा, दाणा किंवा फाटलेली त्वचा प्रत्यक्ष दिसते आणि फक्त तेवढाच भाग काढता येतो. आंधळेपणाने सडात चाकू फिरवण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. तीव्र दगडी (कासेचा दाह) आधी आटोक्यात आणावी, मग स्कोप.

स्कोप उकळून किंवा ऑटोक्लेव्ह करून चालेल का?

स्कोपवर तसे लिहिले असेल तरच ऑटोक्लेव्ह, आणि नंतर आपोआप थंड होऊ द्यायचा. गरम स्कोपवर गार पाणी ओतले की भिंगांचे सील तडकते. तसे लिहिलेले नसेल तर इथिलीन ऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा किंवा 2 टक्के ग्लुटारल्डिहाइड. ग्लुटारल्डिहाइडमध्ये उच्च पातळीच्या निर्जंतुकीकरणाला लेबलप्रमाणे 20 ते 45 मिनिटे लागतात; स्पोअरही मारायचे तर 10 तास. नंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवा, शीथची वाट सिरिंजने आतून. राहिलेला अंश ऊतीला जाळतो आणि सांध्यात तर फार त्रास देतो.

पण आधी धुणे. काम संपताच, रक्त वाळण्याआधी, तोट्या उघडून सगळे भाग सुटे करा आणि एन्झाइमच्या द्रावणात बुडवा. वाळलेल्या रक्ताखाली कोणतेही औषध पोचत नाही. शीथ आणि फोरसेप्स अल्ट्रासॉनिक यंत्रात चालतात, स्कोप नाही; कंपनाने भिंगांची चिकटण सुटते.

स्कोप उचलायचा तो आयपीसकडून, टोकाकडून कधीही नाही. धुताना जड अवजारांच्या ट्रेमध्ये टाकायचा नाही. बहुतेक स्कोप जनावराच्या आत मोडत नाहीत, ते सिंकमध्ये मोडतात. धुण्याचे काम एकाच प्रशिक्षित माणसाकडे द्या. प्रत्येक वेळी ठेवण्याआधी छापील अक्षरांवर स्कोप धरून बघायची सवय त्याला लावा, म्हणजे बिघाड भूल दिलेल्या रुग्णासमोर कळणार नाही. आणि प्रकाशाची केबल स्कोपपासून सुटी केली की यंत्र लगेच स्टँडबायवर टाका. तिचे टोक कापड जाळते, आणि कापडाखाली जनावराची कातडी असते.

घरी पाठवताना मालकाला काय सांगायचे?

नाकाच्या बायोप्सीनंतर दोन-तीन दिवस शिंकेबरोबर रक्ताचे थेंब येतील; सलग धार लागली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर लगेच आणा. मूत्राशयाच्या तपासणीनंतर दोन दिवस लघवी गुलाबी आणि वारंवार होईल. कुंथूनही होत नसेल तर त्याच दिवशी आणा. पोटाच्या कामानंतर त्वचेखाली हात फिरवल्यावर चरचर लागली तर तो राहिलेला गॅस आहे, एक-दोन दिवसांत जिरतो. हे सगळे कागदावर लिहून द्या, कारण भूल उतरत असलेल्या जनावराकडे बघत असताना मालकाला तोंडी सांगितलेले फारसे ऐकू जात नाही.